मोटारीच्या पाठीवर सायकल

रविवारी पहाटे पुण्याहून मुळशी-ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर थांबलात, तर हल्ली एक दृश्य अधूनमधून दिसते. मोटारीच्या टपावर दोन सायकली उभ्या केलेल्या असतात, किंवा डिकीला पट्ट्यांनी बांधून टांगलेल्या असतात. रुंद, दातेरी टायरांच्या या सायकली म्हणजे माउंटन बाइक. त्या डोंगरातील पायवाटांसाठी बनवलेल्या असतात आणि डोंगरापर्यंत त्यांना मोटार नेते. सायकललाच वाहन लागावे याची तुम्हाला गंमत वाटेल, पण ही रीत अगदी जन्मापासूनची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात 21 ऑक्टोबर 1976 रोजी काही तरुणांनी डोंगरउतारावर सायकलींची शर्यत लावली. जुन्या, जड सायकली ते पिकअप ट्रकमध्ये टाकून माथ्यावर नेत आणि तेथून खाली सुटत. उतरताना मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की हबमधील वंगण जळून धूर निघे आणि मग ते नव्याने भरावे लागे. वंगण पुन्हा भरणे या अर्थानेच त्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले.

ज्यांच्याकडे पिकअप ट्रक नाही, त्यांना रॅक लागतो. रॅक घ्यायला गेलेले गिऱ्हाईक बहुधा एकच प्रश्न विचारते, “हा किती किलो पेलतो?” दुकानदार एक आकडा सांगतो आणि व्यवहार पुरा होतो. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो का अपुरा आहे, हे समजण्यासाठी तुमच्या शाळेच्या पुस्तकातील तरफ आणि न्यूटनचे नियम एवढे पुरेत.

प्रथम हे पाहू या, की यात इतके काळजीपूर्वक पाहण्यासारखे काय आहे. एका माउंटन बाइकचे वस्तुमान सुमारे 15 किलोग्रॅम धरा. मोटार ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर वेगाने चालली आहे. तिच्यावरील सायकलची गतिज ऊर्जा झाली ½ × 15 × 25 × 25, म्हणजे जवळजवळ 4,700 ज्यूल. तीच सायकल दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून, सुमारे 31 मीटरवरून, खाली सोडली तर जमिनीला टेकताना तिच्याजवळ एवढी ऊर्जा असेल. रॅकची पकड सुटली तर सायकल जडत्वामुळे पुढेच जात राहते. रस्त्यावर आपटते, घासते, कोलांट्या खाते. आपल्या रस्त्यांवर मोटारीच्या मागे बहुधा कोणीतरी दुचाकीवर असते. रॅक निवडताना मनात वागवायचा तो हा माणूस. आपली सायकल खरचटेल, हा त्यापुढे अगदी किरकोळ भाग.

आता दोन मिनिटांचा प्रयोग करा. एक फूटपट्टी तिच्या एका टोकाशी हातात आडवी धरा. हातापासून 10 सेंटिमीटरवर दोऱ्याने कंपासपेटी टांगा. नंतर तीच पेटी 25 सेंटिमीटरवर टांगा. पेटीचे वजन बदललेले नाही, पण दुसऱ्या वेळी मनगट लगेच वाकते. मनगटाला जाणवते ते नुसते वजन नव्हे. ते वजन आणि अंतर यांचा गुणाकार आहे. या गुणाकाराला परिबल म्हणतात आणि ते न्यूटन-मीटरमध्ये मोजतात.

परदेशांत बऱ्याच मोटारींना मागे ट्रेलर ओढण्यासाठी टो-बार असतो आणि रॅक त्यावरच बसवतात. आपल्याकडे बहुतेक लहान मोटारींना तो नसतो. मात्र हा प्रकार समजला की बाकीचे आपोआप समजतात. समजा, सायकली मोटारीला आडव्या, एकीमागे एक उभ्या आहेत. पहिली टो-बारपासून 0.4 मीटरवर आणि दुसरी 0.6 मीटरवर आहे. एका सायकलचे वजन 150 न्यूटन धरले (सोयीसाठी g = 10 घेऊ), तर परिबल होते 150 × 0.4 + 150 × 0.6 = 150 न्यूटन-मीटर. आता चार सायकलींचा रॅक घेतला. पुढच्या दोन सायकली 0.8 आणि 1.0 मीटरवर येतील. बेरीज करा: 420 न्यूटन-मीटर! वजन दुप्पट झाले, पण सांध्यावरील परिबल 2.8 पट झाले. यात रॅकचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही आणि चार सायकलींचा रॅक स्वतःही जड व लांब असतो. कधीतरी पाहुणे आले तर उपयोगी पडेल म्हणून चारांचा रॅक घेणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

ही तरफ मोटारीलाही लागू आहे. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर 2.5 मीटर आहे आणि मागच्या आसापासून 1.25 मीटर मागे 50 किलोचे ओझे आहे, असे समजा. मागचा आस हा टेकू झाला. पुढची चाके 50 × 1.25 ÷ 2.5, म्हणजे 25 किलोने हलकी होतील आणि मागच्या चाकांवर 50 नव्हे, तर 75 किलो वाढेल. बऱ्याच लहान मोटारींना इंजिन पुढच्या चाकांतूनच ओढते आणि दिशाही तीच चाके देतात. पंचवीस किलो हा आकडा मोठा नाही. पण डिकीत सामान आहे, मागे तिघेजण बसले आहेत आणि पावसात घाट चढायचा आहे, अशा वेळी तो हिशेबात धरलेला बरा.

सायकली मोजल्या, अंतरे मोजली. पण मोटार अजून उभीच आहे. ती चालू लागली की काय होते, यासाठी प्रयोगशाळेतला ताणकाटा घ्या. त्याला वजन टांगून हात झटक्याने वर न्या. काटा क्षणभर जास्त वजन दाखवतो. हात एकदम खाली आणा. काटा शून्याकडे धावतो. वस्तूला वर त्वरण द्यायचे तर तिच्या वजनाहून जास्त बल लावावे लागते, एवढाच याचा अर्थ.

खडबडीत रस्त्यावर रॅकचे टोक आपल्या मूळ जागेपासून 3 सेंटिमीटर वर आणि 3 सेंटिमीटर खाली, असे सेकंदाला तीन वेळा हलते, असे धरू. सरल आवर्त गतीचे सूत्र पुढच्या वर्गांत येईल. तोपर्यंत ते शिक्षकांना विचारा. त्यानुसार महत्तम त्वरण 4π² × 3 × 3 × 0.03, म्हणजे सुमारे 10.7 मीटर/सेकंद² येते. हे गुरुत्व त्वरणाएवढेच झाले! म्हणजे हेलकाव्याच्या तळाशी 15 किलोची सायकल रॅकला 30 किलोची वाटते आणि माथ्याशी तिला वजनच उरत नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. आपण म्हणतो, “सायकल जड आहे, हलणार नाही.” पण माथ्यावरच्या त्या क्षणी तिला खाली दाबून धरणारे काही नसते, धरते ती फक्त पट्टी. म्हणून चाके खाचेत नुसती बसवून भागत नाही. दोन्ही चाके आवळावीच लागतात.

शिवाय हे सेकंदाला तीनदा घडते. असा रस्ता तासभर लागला तर 10,800 वेळा. लोखंडाची तार एकदा वाकवून तुटत नाही, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे तुम्हाला ठाऊक आहे. धातूच्या या शिणवट्यामुळे रॅक प्रथम जोडाच्या किंवा बोल्टच्या जागी चिरतो, आणि चीर बारीक असेपर्यंत कोणाला दिसत नाही. रॅक बसवल्यावर सायकल हाताने गदागदा हलवून पाहा. मोटारच हलली तर ठीक. रॅक वेगळा खडखडला तर सांध्यात फट आहे आणि प्रत्येक गतिरोधकावर तेथे हातोडा बसणार आहे. अनेक उत्पादक कच्च्या रस्त्यासाठी कमी भाराची मर्यादा देतात किंवा तेथे रॅक वापरूच नका असे सांगतात. माउंटन बाइकवाल्यांचा शेवटचा टप्पा मात्र नेमका कच्च्या रस्त्याचाच असतो! माहितीपुस्तिकेतले हे बारीक टायपातले वाक्य शोधून वाचावे.

टपावर सायकल नेली तर तरफेचा हा त्रास टळतो, पण तेथे वारा भेटतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उभ्या सायकलचे हवेला अडवणारे परिणामी क्षेत्रफळ 0.15 चौरस मीटर धरले, तर ताशी 100 किलोमीटरला एका सायकलवर सुमारे 70 न्यूटन बल येते. ताशी 80 ला ते 45 न्यूटनच्याही खाली उतरते. दोन सायकलींचे 140 न्यूटन बल सेकंदाला 27.8 मीटर या वेगाने रेटायचे, तर जवळजवळ 3.9 किलोवॉट शक्ती लागते. म्हणजे दोन हजार वॉटचे दोन गीझर टपावर चालू ठेवून निघाल्यासारखेच. ही शक्ती येते इंधनातून. रिकामा रॅकही हवा अडवतो. तो महिनोन् महिने टपावर मिरवणे हा निव्वळ आळस आहे.

गुरुत्वमध्यही वर सरकतो. चालकासह 1,000 किलोच्या मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 0.55 मीटरवर असेल आणि रॅकसह 40 किलो ओझे 2 मीटर उंचीवर ठेवले, तर नवा गुरुत्वमध्य येतो (550 + 80) ÷ 1,040, म्हणजे 0.61 मीटरच्या जवळ. वाढ पाच-सहा सेंटिमीटरांचीच आहे, पण वळणावर मोटार जास्त कलते. टपाची भारमर्यादा मोटारीच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि तीत रॅकचे वजनही धरायचे असते. समजा, मर्यादा 50 किलो आहे. आडवे दांडे 6 किलो आणि सायकल धरणाऱ्या दोन पन्हळी 14 किलो, उरले 30. पंधरा-पंधराच्या दोन सायकलींवर मर्यादा संपली. पंचवीस किलोच्या विजेच्या सायकलला तेथे जागा नाही. असली तरी ती डोक्यावर उचलणार कोण? टपावर सायकल आहे हे विसरून इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये शिरणारेही असतात. दीड मीटर उंच मोटारीवर सायकल ठेवली की एकूण उंची 2.6 मीटरच्या पुढे जाते, एवढे सांगून हा विषय सोडतो.

आता उरला डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक. तो स्वस्त आहे, घडी घालून ठेवता येतो आणि आपल्याकडे बऱ्याच मोटारींना चालतो. त्याचे खालचे गादीदार पाय बंपरवर टेकतात, तो टेकू. दोन सायकलींचे 300 न्यूटन वजन टेकूपासून 0.4 मीटर मागे आहे; परिबल 120 न्यूटन-मीटर. ते तोलते वरची पट्टी. पट्टीचे टेकूपासून लंबांतर 0.5 मीटर असेल तर तिच्यातील ताण 240 न्यूटन. पण डिकीच्या आकारामुळे पट्टी काचेला जवळजवळ चिकटून खाली आली आणि लंबांतर 0.25 मीटरच राहिले, तर ताण 480 न्यूटन होतो. हेलकाव्यात तो दुप्पट होऊन 960 न्यूटन. सुमारे 96 किलोचा हा ओढा पत्र्याच्या कडेला अडकवलेल्या दोन लहान आकड्यांवर येतो. म्हणून असा रॅक आपल्या मोटारीच्या नेमक्या नमुन्यासाठी चालतो का, हे उत्पादकाच्या यादीत पाहावे. प्लॅस्टिकच्या स्पॉयलरवर किंवा काचेच्या कडेवर आकडे अडकवू नयेत. नायलॉनची पट्टी सुरुवातीला थोडी ताणते, तेव्हा दहा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळावी.

माउंटन बाइकची स्वतःची काही खोड आहे. ज्यांच्या मागच्या चाकालाही स्प्रिंग असते, अशा सायकलींचा वरचा दांडा तिरका किंवा वाकडा असतो. तो रॅकच्या दोन हातांवर नीट बसत नाही. कार्बन-तंतूंचा सांगाडा चिमट्यात आवळला तर चिरू शकतो. म्हणून माझे मत विचाराल, तर दांडा धरणाऱ्यापेक्षा चाके धरणारा रॅक बरा. मात्र त्याची पन्हळ सहा सेंटिमीटर रुंद टायर मावेल अशी हवी. पुढचे चाक काढून फोर्क अडकवायचा असेल तर आसाची जाडी आधी जुळवून पाहावी. आणि लांबीही मोजावी. माउंटन बाइक पावणेदोन ते दोन मीटर लांब असते, लहान मोटार सुमारे 1.7 मीटर रुंद. मागे आडवी बांधलेली सायकल दोन्ही बाजूंना बाहेर डोकावते आणि चालकाला आपल्या जागेवरून ते दिसत नाही. मागची क्रमांकपट्टी आणि दिवे झाकले जाऊ नयेत, हा तर कायदाच आहे. युरोपात टो-बारच्या रॅकवर दिव्यांची व क्रमांकाची वेगळी पट्टी असते, ती याचसाठी. धुराड्याच्या तोंडासमोर टायर येत नाही ना, हेही वाकून पाहा.

आता एक गणित तुम्ही करा. टो-बारपासून 0.4 आणि 0.6 मीटरवर दोन जागा आहेत. एक सायकल 15 किलोची आहे, दुसरी विजेची, 25 किलोची. कोणती आत ठेवाल? दोन्ही प्रकारे परिबल काढा. मग विजेच्या सायकलची 3 किलोची बॅटरी काढून मोटारीच्या आत ठेवली, तर ते किती उतरते, तेही काढा. शेजारी कोणाकडे असा रॅक असेल तर मोजपट्टी घेऊन जा आणि खरी अंतरे घालून हेच गणित पुन्हा करा.