गुहागरास निघण्यापूर्वी

चि. निरंजन यास,

पावसाळाभर गुहागरास राहून तिथूनच आपली कामे चालवण्याचा तुझा बेत मला पसंत आहे. मात्र त्यासाठी लाखभर रुपयांचा नवा लॅपटॉप घेण्याची तजवीज तू मांडली आहेस, ती मांडू नकोस. काम एका मुक्कामी ठेवावे आणि आपण हिंडावे. हातातले यंत्र जुनेच असू दे, ते एस.टी.त विसरले तरी रडू येऊ नये, इतक्याच योग्यतेचे असावे.

पुण्याच्या घरातला डेस्कटॉप चालू ठेवून जाण्याचा विचार सोड. घरगुती ब्रॉडबँडवर पुष्कळदा अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो, म्हणून बाहेरून तुझ्या यंत्रापर्यंत सरळ पोचता येत नाही; शिवाय वीज गेली तर ते पुन्हा सुरू करावयास घरी कोण आहे? त्यापेक्षा लिनक्सचा एक लहानसा सर्व्हर भाड्याने घे, आणि तोही मुंबईतला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर फ्रँकफुर्टला ठेवलास तर सरळ रेषेतही जाऊन-येऊन १३,००० किलोमीटर पडतात, म्हणजे दाबलेले अक्षर पडद्यावर उमटण्यास ६५ मिलिसेकंद प्रकाशालाच लागतात. प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक. दिवसभर टंकणाऱ्यास ही दिरंगाई दातातल्या कणासारखी छळते.

आता दाराचा बंदोबस्त. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी चोरून पासवर्ड टिपून घेतले, तेव्हा तेथील ताटू यलोनेन यांनी एसएसएच रचले. आजही दूरच्या यंत्रात शिरण्याचा शिरस्त्याचा मार्ग तोच आहे. त्यात किल्ल्यांची जोडी असते: सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर, खाजगी तुझ्यापाशी, आणि तीही सांकेतिक वाक्याने बंद केलेली. प्रत्येक उपकरणास निराळी जोडी कर, म्हणजे एखादे हरवल्यास सर्व्हरच्या यादीतून तेवढीच एक ओळ खोडता येते. किल्ली लागू झाल्यावर पासवर्डाने प्रवेश देणे बंद कर. परंतु पहिली खिडकी उघडी ठेवून, दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता येते याची खातरजमा केल्यावाचून नव्हे. मी ही खातरजमा न करता बाहेर पडलो आणि मध्यरात्री स्वतःच्याच दारात उपरा ठरलो!

कोकणातल्या पावसात रेंज जाणारच. जोडणी तुटली की तिच्या आधाराने चाललेले कामही बहुधा तिथेच संपते. म्हणून सर्व्हरवर पोचताच टीमक्स नावाचा प्रोग्राम सुरू कर आणि सर्व कामे त्याच्या आत चालव, म्हणजे परत आल्यावर ती जिथल्या तिथे सापडतील. अर्धवट तयार झालेले संकेतस्थळ पाहावयाचे तर ते सर्व्हरच्या १२७.०.०.१ या आतल्या पत्त्यावरच चालू ठेवून एसएसएचच्या बोगद्यातून आपल्या ब्राउझरात आण. घाईत ते साऱ्या जगास उघडे करून ठेवण्याची खोड तुला आहे, हे मी पाहिले आहे. आणखी एक: गिटमध्ये कोड पोचला म्हणून संकेतस्थळाचा डेटाबेसही पोचला असे होत नाही. त्याची प्रत रोज दुसऱ्या जागी जावी.

निघण्यापूर्वी आठवडाभर माझ्या सर्व्हरवर सराव कर. त्यासाठी तुझ्या जोडीतली, नावाच्या शेवटी ‘पब’ असलेली फाइल तेवढी पाठव. दुसरी मलादेखील नको. ताईस सा. नमस्कार.

तुझा,
मामा