कोण गेलं ते आधी सांग

नळदुर्ग

चि. भाचीस,

परवा फोनवर तू म्हणालीस, की कामाच्या कॉलवर झालेली हकिगत सांगायला लागलं की पलीकडचा माणूस मध्येच ‘हू?’ नाहीतर ‘व्हेन?’ विचारतो. उच्चार सुधारायचा क्लास लावू का, हे तुझं पुढचं वाक्य. लावू नकोस. त्याला तुझे उच्चार कळत नसते तर तो ‘पार्डन’ म्हणाला असता. तो ‘कोण’ आणि ‘केव्हा’ विचारतोय. म्हणजे शब्द पोचतायत, सर्वनाम आणि काळ वाटेत राहतायत.

आपल्या मराठीचं बघ. ‘सकाळी आला, फाईल घेतली, न सांगता गेला.’ यात कर्ता कुठेही नाही, तरी कुणी अडत नाही. ‘आला’ आणि ‘गेला’ यांनीच पुरुष असल्याचं सांगून टाकलं. मधलं ‘घेतली’ मात्र त्या माणसाचं नाहीच, ते फायलीचं आहे. तिथे पाकीट असतं तर ‘घेतलं’, कागद असता तर ‘घेतला’. घेणारी बाई होती की बुवा, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणून पाठ केलं होतंस, तोच हा. इंग्रजीत ‘टुक’ ते ‘टुक’च. मी घेतलं, तिने घेतलं, त्यांनी घेतली, सगळ्याला एकच. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ एवढी जोडी सोडली तर इंग्रजी क्रियापद भूतकाळात कर्त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून त्यांना आय, ही, शी, दे लागतात. तू सवयीने सर्वनाम गाळतेस आणि तुझ्या क्रियापदातून माणूस शोधायला जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘ही केम, टुक द फाइल अँड लेफ्ट’ असं एका दमात जोडलंस तर एक ‘ही’ पुरतो. पूर्णविराम दिलास की पुढच्या वाक्याला पुन्हा ‘ही’ हवा.

हा फरक शिकायला फी भरायची गरज नव्हती, आपल्या बाजारात फुकट होता. इथे दख्खनी बोलणारा ‘मैं रोटी खाया’ म्हणतो. दिल्ली-लखनौची उर्दू ‘मैंने रोटी खाई’ म्हणते, म्हणजे आपल्यासारखंच, क्रियापद रोटीच्या मागे. दख्खनीने तो ‘ने’ टाकला आणि क्रियापद खाणाऱ्याच्या मागे नेलं. अक्कलकोट-आळंदकडची कन्नड बोलणारी माणसं तर क्रियापदाच्या शेपटालाच माणूस बांधतात. ‘होदे’ म्हणजे मी गेलो, ‘होदळु’ म्हणजे ती गेली. वेगळं सर्वनाम घातलं नाही तरी चालतं. तिन्ही भाषांची क्रियापदं काही ना काही बोलतात आणि तुझा कान त्यांच्यात तयार झाला. आमच्या पिढीची इंग्रजी पाचवीत सुरू व्हायची, तुमची 2000 सालानंतर पहिलीपासून आली. कानाची सवय दोघांची तीच.

आता ‘व्हेन’कडे येतो. तुझं खरं दुखणं इथे आहे, आणि एकटीचं नाही. मराठी माणसाची इंग्रजी लांबून ओळखायची ही खूण आहे. आपण ‘काल सोलापूरला गेले होते’ म्हणतो. आपल्याकडे तर ‘गेलते’च म्हणतात. गेले, परत आले, विषय संपला, एवढंच त्या ‘होते’मध्ये असतं. ते तसंच उचलून तू म्हणतेस, ‘आय हॅड गॉन टू सोलापूर यस्टरडे.’ ऐकणारा थांबून राहतो. त्याच्या कानाला ‘हॅड’ म्हणजे ‘त्याच्याही आधी’, आणि कशाच्या आधी ते तू सांगतच नाहीस. आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यात पाहुण्यांना पाणीमहाल दाखवताना ‘इब्राहिम आदिलशाह हॅड बिल्ट धिस’ म्हटलं, तर नंतर काय घडलं ते सांगायची जबाबदारी आपल्यावर आली. नुसतं ‘बिल्ट’ म्हण. 1613 सालची गोष्ट आहे हे सनच सांगतं.

‘हॅड’ कामाचा कधी, तेही ऐक. ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट’ म्हटलंस तर तू पोचलीस आणि तुझ्या डोळ्यांदेखत बस सुटली. ‘द बस हॅड लेफ्ट’ म्हटलंस तर स्टँडवर नुसता धुरळा. दोन घटना आहेत आणि कोणती आधीची हे दाखवायचं आहे, तेव्हाच तो वापर. ‘हॅड’ तोंडावर आला की स्वतःला विचार: कशाच्या आधी? उत्तर नसेल तर गिळून टाक. ‘हॅव’चंही जवळपास तसंच. यस्टरडे, लास्ट वीक अशी नेमकी वेळ वाक्यात आली, की ‘हॅव सीन’ नको, ‘सॉ’ हवं. वेळ सांगायची नसेल तिथे इंग्लंडचा माणूस ‘हॅव यू ईटन यट’ विचारतो आणि अमेरिकेतला बऱ्याचदा ‘डिड यू ईट यट’. दोन्ही ठीक, समोर कोण आहे ते बघ.

‘डिड यू वेन्ट’ म्हणत असशील असं वाटत नाही, तरी लिहून ठेवतो. एसटीत तिकीट एकदाच फाडतात. ‘डिड’ने भूतकाळ फाडला, पुढे ‘गो’च.

गो-वेन्टचे तक्ते घोकू नकोस. आपण जा-गेला, ये-आला, कर-केला, हो-झाला, मर-मेला हे कुठे घोकलं होतं? रोज जिभेवर असतात तीच क्रियापदं बऱ्याच भाषांत वाकडी राहतात, आणि रोज वापरूनच येतात.

याहून घोटाळ्याची जागा म्हणजे दुसऱ्याचं बोलणं सांगणं. ‘सर म्हणाले, की मी उद्या येतो.’ मराठीत ‘की’ घातला तरी सरांचा ‘मी’ सरांकडेच राहतो, आणि ‘येतो’ वर्तमानातच. ‘सर टोल्ड दॅट आय ऍम कमिंग टुमारो’ असं केलंस तर पलीकडचा समजणार, तूच येणार. इंग्रजीत सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजायचं: ‘ही सेड ही वुड कम द नेक्स्ट डे.’ ‘मी’चा ‘ही’ झाला, काळ एक पायरी मागे गेला. मात्र व्याकरणाची पुस्तकं म्हणतात तितकं हे कडक नाही. गोष्ट अजून खरी असेल तर त्यांच्या बोलण्यात ‘शी सेड शी लिव्ह्ज इन लातूर’ सर्रास चालतं. काळाबाबत सूट आहे, सर्वनामाबाबत नाही.

आणि सरांना ‘दे’ म्हणू नकोस. ‘ते आले’ यातला मान आपल्या अनेकवचनात आहे. त्यांच्या ‘ही’त अपमान नाही. साहेब कितीही मोठा असो, ‘ही केम’. एकट्या माणसाला ‘दे’ ते लोकही म्हणतात, पण कारण वेगळं: बाई की पुरुष ठाऊक नसतं तेव्हा. ‘समवन लेफ्ट देअर हेल्मेट.’ ही आजची फॅशन आहे असं कुणी सांगितलं तर मानू नकोस, चौदाव्या शतकापासूनच्या लिखाणात हा वापर सापडतो. शिवाय कुणी स्वतःसाठी ‘दे’ मागितला, तर तसंच म्हणायचं.

इंग्रजी मालिकांमध्ये ‘मी अँड हिम वेन्ट’, ‘आय सीन इट’, ‘वी वॉज’ ऐकशील. तिकडच्या घराघरांत असं बोलतात आणि त्यांचं कुठे अडत नाही. समजून घे, मेलमध्ये लिहू नकोस. परक्याच्या तोंडी ती बोली शोभत नाही, चूकच वाटते. हे अन्यायाचं आहे, पण आहे. उलट शहाणपणा करून ‘बिट्वीन यू अँड आय’ही म्हणू नकोस. तिथे ‘बिट्वीन यू अँड मी’च.

तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तुझ्या आजोबांच्या कपाटात आहे, हवी तर पाठवतो. पण मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी करायची सवय आता तू मोडायला हवीस. त्यापेक्षा मेडोज टेलरचं ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ काढ. निजामाने 1853 साली जे प्रदेश इंग्रजांकडे दिले, त्यातल्या आपल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार 1857 पर्यंत त्याच्याकडे होता. तो वारल्यावर, 1877 साली, हे आत्मचरित्र छापून आलं. राज्यकर्त्याचं पुस्तक आहे हे ध्यानात ठेवून वाच. नळदुर्गची पानं ओळखीची निघतील, म्हणून भाषेकडे लक्ष द्यायला तुला सवड मिळेल. पेन्सिल घे, प्रत्येक ‘हॅड’खाली रेघ ओढ आणि ती गोष्ट कशाच्या आधीची ते समासात मराठीत लिही. नुसत्या मालकीचा ‘हॅड’ असेल तर सोडून दे. एक प्रकरण झालं की त्या पानांचे फोटो मला पाठव, आणि सोबत त्या आठवड्यात तू लिहिलेला एक मेल. कंपनीचं गुपित असेल तेवढं खोडून.

तुझा,
मामा