धारा, कल्याण आणि ढोर कक्कय्या



गेल्या पौषात मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात लोहारदा या गावी वचनचिंतनासाठी तीन दिवस जाण्याचा योग आला. नोकरी-धंद्याच्या निमित्ताने तिकडे स्थायिक झालेली काही मराठी घरे आहेत, आणि घरात मुले हिंदी बोलत असली तरी वडीलधारी मंडळी आपले मासिक वाचतात. देवास म्हटले की आपल्या लोकांना सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, आठवतात. ते १९४८ साली देवासला आले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला. त्यांच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहावयाचे आहे. आज मात्र त्या तीन दिवसांतील एका प्रश्नाविषयी लिहितो. त्या प्रश्नाने माझे एक तासाचे प्रवचन अपुरे ठरविले.

पहिल्या संध्याकाळी मी माळवा आणि कल्याण हा विषय घेतला होता. माझे शिक्षण संस्कृत पाठशाळेत झालेले असल्याने माळव्यात पाऊल टाकताच जिभेवर भोजराजाचे नाव येते. नेमावरला नर्मदेच्या काठी परमारकालीन सिद्धनाथाचे शिल्पसंपन्न देऊळ आहे, ते त्याच दिवशी सकाळी पाहून आलो होतो. त्यामुळे रंगात येऊन बोललो. परमारांची धारा आणि चालुक्यांचे कल्याण या दोन राजकुळांचे वैर पिढ्यान् पिढ्यांचे होते. भोजाचा चुलता मुंज हा स्वतः कवी. तो गोदावरी ओलांडून दक्षिणेत उतरला आणि दुसऱ्या तैलप चालुक्याच्या कैदेत पडून, दहाव्या शतकाच्या अखेरीस, मारला गेला. पुढे भोजाने (राज्यकाल सुमारे १०१० ते १०५५) धारेला विद्येचे माहेर केले. शृंगारप्रकाश, सरस्वतीकंठाभरण, वास्तुशास्त्रावरील समरांगणसूत्रधार हे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणजे तत्त्वप्रकाश, ज्यात छत्तीस तत्त्वांचे शैव विवेचन आहे. अशा या राजाच्या राजधानीवर कल्याणच्या पहिल्या सोमेश्वराने स्वारी करून ती लुटली. चालुक्यांची राजधानी कल्याणला नेली ती याच सोमेश्वराने.

मग बिल्हणाची कथा सांगितली. हा काश्मीरचा पंडित घर सोडून, काशी, गुजरात, सेतुबंध असा सारा देश फिरत, शेवटी कल्याणला सोमेश्वराचा पुत्र सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या दरबारी आला. तेथे त्याला विद्यापती ही पदवी मिळाली, हत्ती मिळाला, छत्र मिळाले. त्याने राजावर विक्रमांकदेवचरित हे काव्य रचले. त्या काव्याच्या शेवटच्या सर्गात तो आपली हळहळ सांगतो. भोज हयात असताना तो धारेला पोचू शकला नाही, आणि वेशीच्या शिखरांवर घुमणाऱ्या पारव्यांच्या आवाजातून धारानगरी जणू त्याला विचारते आहे की तू वेळेवर का आला नाहीस. ही कल्पना मला विद्यार्थिदशेपासून प्रिय आहे, म्हणून ती जरा रंगवूनच सांगितली. त्याच दरबाराच्या आश्रयाला विज्ञानेश्वर होता. याज्ञवल्क्यस्मृतीवरील त्याची मिताक्षरा टीका पुढे इंग्रजांच्या न्यायालयांनीसुद्धा वारसाहक्कासाठी प्रमाण मानली. एवढे सांगून मी निष्कर्ष काढला की बसवण्णांच्या आधी कल्याणला जी विद्येची भूमी तयार झाली तिच्यात माळव्याचाही वाटा आहे. श्रोत्यांनी माना डोलावल्या.

मंगलारती झाली. मंडळी उठू लागली तेव्हा अगदी मागे, दाराशी बसलेले एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. मूळचे सोलापूरकडचे. देवासला कातड्याच्या कारखान्यात उमर काढून आता मुलाकडे लोहारद्याला राहतात. शरणार्थी करून म्हणाले, “स्वामीजी, राजे झाले, पंडित झाले. आमच्यातलं कुणी गेलं होतं का हो इथून कल्याणला?”

शरणांनो, या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. येत असून ते माझ्या प्रवचनात नव्हते, हे मला लागले. कारण वचनपरंपरा स्पष्ट सांगते की ढोर कक्कय्या हे माळव देशातून कल्याणला आले. माळवा आणि कल्याण असा विषय घेऊन मी तासभर बोललो आणि माळव्याच्या या एकाच शरणाचे नाव मला आठवले नाही! आठवले नाही असेही म्हणता येत नाही. भोज आणि बिल्हण यांची नावे घेताना जी ऐट वाटते ती कातडी कमावणाऱ्याचे नाव घेताना वाटत नसावी. संस्कृत शिक्षणाने मला पुष्कळ दिले, त्याबरोबर हेही दिले.

दुसऱ्या दिवशी मी विषय बदलला आणि कक्कय्यांवर बोललो. त्यातला मुख्य भाग येथे देतो.

कक्कय्यांचे कायक कातडी कमावण्याचे. त्यांची मोजकीच वचने आज उपलब्ध आहेत आणि त्यांची मुद्रिका ‘अभिनव मल्लिकार्जुन’ अशी आहे. मादार चेन्नय्या व ढोर कक्कय्या यांना बसवण्णांनी आपल्या घरातले वडीलधारे म्हटले आहे. बिज्जलाच्या भांडाराचा अधिकारी, जन्माने ब्राह्मण, तो मी यांच्या घरचा म्हणवून घेतो. ज्या नगरात अर्धशतकापूर्वी वर्णाश्रमाची चौकट मिताक्षरेने इतक्या बारकाईने आखून दिली होती त्याच नगरात हे बोलले जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बोलण्याचे वजन कळते.

कक्कय्यांचे एक वचन असे आहे की त्यात ते लिंगालाच वडील म्हणून हाक मारतात आणि तक्रार करतात. मला अशा कष्टी कुळात का जन्माला घातलेस, तुला स्पर्शूनही मी न स्पर्शल्यासारखाच राहतो, असा त्यांचा सल आहे. आणि मग ते एक प्रश्न विचारतात, ज्याचा आशय असा की हाताला मनाई असेल, पण मनालाही आहे का?

या वचनातील कन्नड क्रियापद ‘मुट्टु’ असे आहे. त्याचा अर्थ शिवणे, स्पर्श करणे. आणि पोचणे असाही होतो. मराठीत आपल्याला दोन वेगळे शब्द वापरावे लागतात. शिवण्याची मनाई आहे आणि पोचण्याची ओढ आहे, हा कक्कय्यांचा सगळा जन्म त्या एका शब्दात आला आहे. मराठी अनुवादात हा जोड सुटतो, म्हणून अभ्यासकांनी मूळ शब्द जवळ ठेवावा.

काही भाष्यकार येथे असे सांगतात की कक्कय्या हाताचा आग्रह सोडून मानसपूजेकडे वळले, म्हणजे ही पुढची पायरी आहे. मला हे पटत नाही. वचनात समाधान नाही, दुखावलेपण आहे. ज्याला देवळाच्या पायरीवर थांबविले त्याने मनाने पूजा करावी, हा उपदेश तर सनातन्यांनीही केला असता. तो थांबविणाऱ्याच्या सोयीचा आहे. शरणांनी दिलेले उत्तर वेगळे आहे. त्यांनी लिंग हातावर ठेवले. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसतो त्या आसनाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्याचा अर्थ जाणवत नाही. चामड्याच्या पाण्याने रंगलेला कक्कय्यांचा तळहात डोळ्यांपुढे आणा, म्हणजे जाणवेल. ज्या हाताला मनाई होती तोच हात पीठ झाला.

कल्याणला दुरून आलेल्यांत आणखी एक नाव येथे घेतले पाहिजे, ते मोळिगे मारय्या यांचे. परंपरेप्रमाणे तेही काश्मीरचे. राज्य सोडून पत्नी महादेवीसह आले आणि मोळी विकून, म्हणजे सरपण डोक्यावर वाहून, दासोह करू लागले. बिल्हणही काश्मीरचाच. त्याच नगरात शंभर वर्षांच्या अंतराने काश्मीरहून दोघे आले. एकाने छत्र व हत्ती मिळविला, दुसऱ्याने असलेले छत्र टाकून लाकडाची मोळी उचलली. कल्याणात काय बदलले होते हे सांगण्यासाठी याहून वेगळा दाखला मला सापडलेला नाही. आधीचे कल्याण विद्वानाला बोलावीत होते, मान देत होते, आणि त्यासाठी राजाची मर्जी हवी होती. बसवण्णांच्या कल्याणला यावयास मर्जी लागत नव्हती, कायक लागत होते.

एखादा चिकित्सक वाचक म्हणेल की बिल्हणाचे येणे त्याच्या स्वतःच्या काव्यात आहे, कक्कय्यांचे माळव्याहून येणे केवळ परंपरेत. खरे आहे. कातडी कमावणाऱ्याच्या प्रवासाचा शिलालेख कोण कोरणार? पण परंपरेला कक्कय्यांचे मूळ गाव माळव्यात सांगून कोणता लाभ होता? गौरवासाठी रचलेल्या गोष्टी काशी-रामेश्वर सांगतात. शत्रुराज्यातून आलेला एक ढोर, एवढेच या आठवणीत आहे, आणि म्हणूनच मी तिला मान देतो.

११६७ च्या सुमारास कल्याण उद्ध्वस्त झाले. हरळय्या आणि मधुवरस यांच्या मुलांचा विवाह, त्यांना झालेला देहदंड, बिज्जलाचा शेवट हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. चेन्नबसवण्णांबरोबर शरण उळवीकडे निघाले, जवळ वचनांची भांडारे होती आणि मागे सैन्य होते. या वाटेवर सैन्याला अडविणाऱ्यांत कक्कय्या होते व तेथेच ते लिंगैक्य झाले, असे सांगतात. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात कक्केरी येथे त्यांचे स्थान आहे. धारेतील भोजाची पुस्तकेही हलली होती. गुजरातच्या सिद्धराज जयसिंहाने माळवा जिंकल्यावर ती पाटणला गेली, अशी जैन प्रबंधांतील कथा आहे, आणि भोजाचे व्याकरण पाहूनच त्याने हेमचंद्रांकडून नवे व्याकरण करविले. राजाची पुस्तके राजाने नेली. वचनांचे गठ्ठे ज्यांच्या खांद्यावरून गेले त्यांत, ही कथा प्रमाण धरली तर, ज्याला लेखणीला शिवण्याचा अधिकार नव्हता असा मनुष्यही होता.

बिल्हणाचे काव्य १८७४ साली ब्यूलर या जर्मन पंडिताला जेसलमेरच्या जैन भांडारात सापडले. वचने मात्र घरोघरच्या ताडपत्रांतून विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी गोळा केली आणि १९२३ मध्ये वचनशास्त्रसार छापला. आज कक्कय्यांची वचने हाती घेता येतात ती अशा परिश्रमांमुळे.

हे सर्व दुसऱ्या दिवशी सांगून झाल्यावर मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती येथेही लिहितो, कारण लोहारद्याला सांगून मासिकात लपविणे बरे नाही. मी चोविशीत असताना एका गावी ढोर समाजातील लिंगायत घरी प्रसादाचे आमंत्रण होते. आमच्याबरोबरची काही मंडळी कुरकुर करू लागली. मी कुरकुर केली नाही; आज माझा उपवास आहे, असे सांगितले. उपवास नव्हता. त्या घरच्या बाईंनी केळी आणून पुढे ठेवली, उपवासाला चालतात म्हणून. ती मी घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो. सूनबाईंनी ज्वारीची भाकरी व पिठले केले होते. माळव्यात गहू पिकतो, पण ज्वारी त्यांनी सोलापूरहून आणविलेली. पंगत लहान होती, सहा-सात जणांची. जेवण झाल्यावर त्यांनी नातवाची वही पुढे केली व कक्कय्यांचे नाव आणि मुद्रिका लिहून देण्यास सांगितले. मी ‘ढोर कक्कय्या – अभिनव मल्लिकार्जुन’ असे लिहिले. त्यांनी चष्मा लावून अक्षर अन् अक्षर पाहिले आणि म्हणाले, “आमच्याकडे ककय्या म्हणतात, स्वामीजी. एकच क.”

मी खाली तसेही लिहून दिले.

पुढील अंकी मोळिगे मारय्यांच्या धर्मपत्नी महादेवी यांची वचने चिंतनासाठी घेऊ.