अठरा पुरे व्हायच्या आंधी

ऐक व पोरी, तुह्या लेकराले सतरावं लागलं, म्हून आत्ताच सांगतो. अठरा पुरे झाले की कायद्यानं तो सज्ञान. मंग तू माय असली तरी बँकेत त्याच्या जागी तुही सही चालत नाई. बुद्धीचं अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, नाईतर एकाहून जास्त अपंगत्व, याच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा हाय. मोर्णा नदी ओलांडून कलेक्टर हापीसात जाय, तिथल्या स्थानिक समितीकडं पालकत्वाचा अर्ज कर. नुसती नजर नाईतर पाय गेलेल्याले पालक लागत नाई. त्याची सही त्याचीच.

सर्वोपचार दवाखान्यातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र अन् यूडीआयडी कार्ड काढजो. चाळीस टक्के नाईतर वर असलं तरच बहुतेक योजना लागू होतात. तहसीलात संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म भरजो. न्यासाचा निरामय बीमा वर्षाले एक लाखापर्यंतचा दवाखाना देते. दरवर्षी नवा करा लागते, तारीख भिंतीवर लिहून ठेव.

आता वाड्याचं. आपल्या जुन्या शहरात घराच्या आखीव पत्रिकेवर (मालकीच्या कागदावर) अजूनही मेलेल्या आजोबाचं नाव सापडते. पह्यले वारस चढवून घ्या. मंग मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार घ्या. लेकराचा हिस्सा सरळ त्याच्या हाती देऊ नोको. विश्वस्त नेमून त्याच्यासाठी ठेव. बँकेतला नॉमिनी म्हंजे मालक नाई, हे जावयालेही सांगजो. "मोठा भाऊ पाहीन" हे तोंडी चालत नाई. भाऊ चांगलाच हाय, पण त्याच्या हाती कागद नसला तर तो तरी काय करीन?

वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांले २०२४ साली पद्मश्री भेटली. टाकून देल्लेल्या दिव्यांग लेकरांले त्यायनं आपलं नाव देल्लं. अठरा झाले म्हून अशा लेकरांले बालगृहाच्या बाहेर काढू नोका, यासाठी ते वर्षानुवर्षं भांडले. आपल्या लेकराले तर मायबाप हाय. मंग आपन कागदात कायले कमी पडाचं?

अन् एक वही कर. तो काय खाते, कोन्त्या आवाजाले भेते, औषध कशात कालवून घेते, रात्री कोन जवळ लागते, सारं लिही. वकील हे इचारत नाई, पण तुह्या मांगं त्याले सांभाळनाऱ्याले पह्यल्याच दिवशी हेच लागीन. पुढचा पालक कोन, हे त्याले समजन तसं त्यालेही इचारजो.

अन् पालकत्वाचं एक राह्यलं: पालक झालेल्यानं सहा महिन्यांत लेकराच्या मालमत्तेची यादी समितीले द्या लागते, अन् दरवर्षी मार्च सरला की तीन महिन्यांत हिशेब. म्हून त्याच्या पैशाचं खातं येगळं ठेव, अन् पावत्या सांभाळजो.