बाकं नसलेलं चर्च

प्रश्न : मुलीकडे न्यूयॉर्कला गेलो होतो, तेव्हा चेल्सी भागात नाइन्थ ॲव्हेन्यू आणि २८व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर विटांचं एक जुनं चर्च पाहिलं. बाहेर जेवणासाठी भली मोठी रांग होती. आत डोकावलो, तर बाकं कुठेच नाहीत. टेबलं मांडलेली आणि माणसं जेवत बसलेली. पाटीवर ‘एपिस्कोपल’ असं लिहिलं होतं. हे चर्च कोणत्या पंथाचं? तिथे अन्नछत्र कसं आलं? आणि स्पष्टच विचारतो, जेवणाच्या निमित्ताने तिथे धर्मांतर चालतं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण खरी उत्सुकता तिथेच आहे. नाही, तिथे तसं काही चालत नाही. तुम्ही पाहिलंत ते चर्च ऑफ द होली अपॉसल्स. रांगेतल्या माणसाला तिथे ओळखपत्र मागत नाहीत. तो खरंच गरजू आहे का, याचा पुरावाही लागत नाही. धर्म विचारत नाहीत, ताट हातात देण्याआधी प्रवचन ऐकवत नाहीत. येणाऱ्याला ‘गेस्ट’, म्हणजे पाहुणा म्हणतात आणि त्याला तसंच वागवतात.

तुम्हाला शंका आली यात गैर काही नाही. मिशनच्या दारातलं अन्न हा आपल्याकडे जुना हळवा विषय आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली, एवढ्यावरून टिळक आणि रानड्यांपर्यंतच्या मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा खटला, उभं राहिलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. त्या पंचहौदचं आणि चेल्सीतल्या या चर्चचं घराणं एकच, अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेचं.

अमेरिकेतल्या अँग्लिकन परंपरेला एपिस्कोपल म्हणतात. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या अँग्लिकन मंडळींपुढे मोठा पेच पडला. बिशपची दीक्षा इंग्लंडमध्ये घ्यायची, तर राजाशी निष्ठेची शपथ घेणं भाग होतं आणि राजाशी तर नुकतंच युद्ध झालेलं. शेवटी सॅम्युअल सीबरी यांनी १७८४ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये दीक्षा घेतली. पुढे १७८९ मध्ये अमेरिकन चर्चची स्वतंत्र घटना झाली. उपासनेचा थाट बराचसा कॅथलिकांसारखा, पण पोपची सत्ता मान्य नाही. बिशप असतो, तरी प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या मंडळीत, सभासदांनी निवडलेलं ‘वेस्ट्री’ नावाचं मंडळ असतं आणि आपला मुख्य धर्मगुरू, म्हणजे रेक्टर कोण, हे ठरवण्यात त्या मंडळाचा मोठा वाटा असतो. महाराष्ट्रातले बहुतेक अँग्लिकन १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाले. ज्याच्यामुळे चर्चगेटला नाव मिळालं, ते मुंबईच्या फोर्टातलं सेंट थॉमस कथीड्रलही त्यातच येतं.

होली अपॉसल्सची स्थापना १८४४ची. हडसन नदीचे धक्के जवळ होते आणि आसपास नव्याने आलेल्या स्थलांतरितांची वस्ती वाढत होती. त्यांच्यासाठी हे चर्च निघालं. इमारत मिनार्ड लाफेव्हर या नामवंत वास्तुकाराची, रंगीत काचांच्या खिडक्या विल्यम जे बोल्टन यांच्या. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या काचचित्रकारांपैकी ते एक. १८५८ मध्ये रिचर्ड अपजॉन यांच्या आराखड्याने बाजूची दालनं वाढवली गेली. शंभर वर्षांनी आजूबाजूची जुनी वस्ती पाडून तिथे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने पेन साउथ नावाची सहकारी वसाहत उभारली. १९६२ मध्ये तिच्या उद्घाटनाला अध्यक्ष केनेडी आले होते. पाडापाडीतून हे चर्च वाचलं. म्हणूनच आज उंच इमारतींच्या मधोमध ते एकटं उभं दिसतं.

सगळ्यांचं स्वागत करतो, असं लिहिणारी चर्चं पुष्कळ आहेत. या चर्चचा तो शब्द १९७० च्या दशकात कसाला लागला. १९७३ मध्ये समलिंगी ज्यूंचा एक लहानसा गट शब्बाथच्या प्रार्थनेसाठी जागा शोधत होता. त्या काळी असल्या गटाला कोण दार उघडणार? होली अपॉसल्सने उघडलं. तो गट म्हणजेच आज न्यूयॉर्कमध्ये नावाजलेलं बेट सिमखात तोरा हे सिनेगॉग. पुढे मंडळी वाढली, त्यांची स्वतःची जागा अपुरी पडू लागली, तेव्हाही शुक्रवारच्या प्रार्थनेसाठी ते कित्येक वर्षं याच चर्चमध्ये येत. जानेवारी १९७७ मध्ये बिशप पॉल मूर यांनी एलन बॅरेट यांना इथेच धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. स्त्रियांना ही दीक्षा देण्याची अधिकृत मुभा त्याच महिन्यात लागू झाली होती आणि बॅरेट तर उघडपणे समलिंगी होत्या. देशभर वादळ उठलं, बिशपवर टीकेचा भडिमार झाला.

इतकं सगळं करूनही १९८०च्या सुमाराला चर्चची अवस्था बिकट होती. सभासद कमी, तिजोरी रिकामी, इमारत दुरुस्तीला आलेली. बाहेर शहराचीही दशा वाईट होती. मनोरुग्णालयांतून हजारो रुग्णांना घरी सोडलं होतं आणि अनेकांना घरच नव्हतं. एका खोलीची स्वस्त भाड्याची हॉटेलं पाडून किंवा बदलून तिथे महागडे फ्लॅट होत होते. वॉशिंग्टनमध्ये रेगन सरकारने गरिबांच्या योजनांना कात्री लावली होती. बेघर पुरुषांना रात्रीचा निवारा देण्याची जबाबदारी शहरावर आली, तीसुद्धा १९८१ मध्ये न्यायालयातल्या तडजोडीने. निवारा मिळाला, पण दिवसा पोटात काय घालायचं?

अशा वेळी मोडकळीला आलेली संस्था बहुधा देणगीदार गाठते आणि आधी स्वतःचं छप्पर सांभाळते. या पॅरिशने रेक्टर रँड फ्रू यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९८२ मध्ये चुलीवर भांडं चढवलं. पहिल्या दिवशी जेमतेम पस्तीसेक माणसं आली. काही वर्षांतच आकडा रोज हजाराच्या घरात गेला. सोमवार ते शुक्रवार, गरम जेवण. हे स्वयंपाकघर शहरातल्या सर्वांत मोठ्या अन्नछत्रांपैकी एक झालं. मला यात विशेष वाटतं ते हे की, आधी आपण सावरू आणि मग दुसऱ्याचं पाहू, असं त्या मूठभर लोकांनी म्हटलं नाही.

९ एप्रिल १९९० रोजी छताचं काम चालू असताना आग लागली. छप्पर गेलं, बोल्टन यांच्या काही खिडक्या कायमच्या गेल्या. दुसऱ्या दिवशी वीज नव्हती. जेवण तरीही झालं. शेजारच्या मिशन हाउसमध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात नऊशेहून अधिक लोकांना थंड जेवण वाढलं गेलं.

पंगत तोवर मिशन हाउसमध्येच बसत असे आणि चर्चचा मुख्य सभामंडप प्रार्थनेसाठी राखलेला होता. डागडुजीला चार वर्षं लागली. त्या दरम्यान विल्यम ग्रीनलॉ रेक्टर असताना पॅरिशने एक निर्णय घेतला : लाकडी बाकं परत बसवायची नाहीत. जमीन मोकळी ठेवायची. रविवारी खुर्च्या मांडून उपासना, आठवड्यात त्याच जागी टेबलं मांडून जेवण. तुम्हाला बाकं दिसली नाहीत, ती यामुळे. पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या बाकावर बसणाऱ्या माणसांना हे सोपं गेलं नसणार. शिवाय प्रार्थनेच्या जागेत उष्टं सांडणार, ही धास्ती कुठल्याही धर्माच्या माणसाला कळेल. पण ख्रिस्ती उपासनेचा गाभाच मुळी एकत्र भाकरी मोडून खाण्याचा आहे. वेदीसमोर भुकेल्याची पंगत बसवण्यात त्यांना विटाळ वाटला नाही, उलट उपासना पुरी झाल्यासारखी वाटली.

पोटाच्या पलीकडचीही सोय तिथे आहे. घर, कागदपत्रं, औषधोपचार यांबाबत सल्ला देणारी माणसं असतात. १९९०च्या दशकाच्या मध्यावर लेखक इयन फ्रेझर यांनी इथे लेखनाची कार्यशाळा सुरू केली. जेवण झालं की ज्याला वाटेल त्याने टेबलाशी बसायचं, विषय घ्यायचा, लिहायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यातल्या निवडक लेखनाचं ‘फूड फॉर द सोल’ हे पुस्तक २००४ मध्ये निघालं. ज्यांच्याकडे एरवी फक्त रांगेतला एक आकडा म्हणून पाहिलं जातं, त्यांची नावं त्या पुस्तकात लेखक म्हणून छापली आहेत. मला या चर्चच्या सगळ्या कामात हे फार मोलाचं वाटतं.

२०२०च्या मार्चमध्ये करोनामुळे आत पंगत बसवणं अशक्य झालं, तेव्हा जेवणाची पाकिटं दारात वाटली गेली. रांग कमी झाली नाही, वाढलीच.

वाढायला, टेबलं पुसायला, ट्रे उचलायला तिथे रोज स्वयंसेवक लागतात. त्यांत ज्यू असतात, मुसलमान असतात, कुठलाच धर्म न मानणारेही असतात. तुमची मुलगी त्याच भागात राहत असेल, तर तिला एखादी सकाळ तिथे घालवायला जरूर सांगा. आधी नाव नोंदवावं लागतं, इतकंच.