शाल, श्रीफळ आणि वीजबिल

प्रस्तुत लेखिकेच्या कपाटात १९ शाली आहेत. त्यातल्या दोन खरोखर ऊब देतात, बाकीच्या नुसत्याच झगमगतात. पुणे आणि आसपासच्या सोसायट्या, भगिनी मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्यासमोर बागकामावर केलेल्या भाषणांची ही कमाई. सोबतचे नारळ वेळच्या वेळी चटणीत गेले. वीजबिल भरणा केंद्रात मात्र नारळ चालत नाही.

नोकरी सोडून बागेवर बोलायचे आणि लिहायचे, त्यावरच घर चालवायचे, असे तिने ठरवले तेव्हा झाडांविषयी तिला पुष्कळ कळत होते. पैसे कसे मागायचे ते कळत नव्हते. हौसेला मोल नसते, हे आयोजक मंडळी शब्दशः घेतात. प्लंबरला कोणी ‘तुम्हाला नळांची आवडच आहे, तर या सहज’ असे म्हणत नाही. बागवालीला म्हणतात.

एका सोसायटीत ती कुंड्या, गांडूळखत, कोकोपीट असा सगळा संसार रिक्षात घालून गेली. तासभर बोलली, पुढे तासभर प्रश्न. त्यातले निम्मे जास्वंदीवरच्या पांढऱ्या मिलीबगचे. (साबणाचे पाणी, नीमतेलाची फवारणी, फारच लागण झालेली फांदी छाटून टाकणे, हे उत्तर ती आता झोपेतही देईल.) शेवटी शाल, नारळ, तुळशीचे रोप. तिच्या डोळ्यांदेखत माइकवाल्याला आणि खुर्च्यावाल्याला रोख पैसे मिळाले. त्या दोघांनी आपला दर आधी सांगितला होता, एवढाच फरक. परतीच्या रिक्षाचे भाडे तिने पर्समधून दिले.

तेव्हापासून मानधनाचा आकडा पहिल्याच फोनवर. प्रवासखर्च वेगळा. आकडा सांगून झाला की गप्प बसायचे. आपणच घाईने ‘पण तुम्ही काय द्याल ते’ म्हणायचे नाही. मग तेच सगळे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचे. आठवडाभर आधी कार्यक्रम रद्द झाला तर काय, तेही त्यातच.

आणि हंगाम विसरू नये. पहिल्या पावसाबरोबर आमंत्रणे येतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात थंडीच्या फुलांची विचारणा होते, जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास पुण्यात सगळ्यांनाच बाग आठवते. एप्रिल-मे म्हणजे फोनचा उपवास. शाळांची फी तेव्हाही येते.

लेखनात तिचे नुकसान जास्त झाले, कारण तिथे ते उशिरा दिसते. सदराच्या मानधनातून १० टक्के कर कापला जाई. विवरणपत्र भरले असते तर तिच्या तुटपुंज्या उत्पन्नावर तो परत मिळाला असता. तिने तीन वर्षे ते भरलेच नाही. मग त्या लेखांचे पुस्तक निघाले. अर्ध्या पानाच्या करारावर ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे लिहिले होते आणि तिने चहा पिता पिता सही केली. वास्तविक १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे. पगारी नोकर नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतःच असतो. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. तिच्या कागदावर मुदत लिहिलेली होती, हीच तर गोम! ‘कायमस्वरूपी’ खोडून वर्षे लिहायला अर्धे मिनिट लागले असते.

या धंद्यातली तिची आवडती बाई लंडनची, जेन लाउडन. १८२७ मध्ये तिने निनावी छापलेल्या ‘द ममी’ या भविष्यकथेवर बागतज्ज्ञ जॉन लाउडन खूश झाला; लेखक पुरुष असेल अशा समजुतीने भेटायला गेला आणि १८३० मध्ये तिच्याशी लग्न करून बसला. तिला बागेतले काही येत नव्हते. ती वनस्पतिशास्त्राच्या व्याख्यानांना जाऊन बसली, नवऱ्याची लेखनिक झाली. जॉनने वृक्षांवरचा प्रचंड ग्रंथ स्वतःच्या पैशाने छापला आणि सुमारे १०,००० पौंडांचे कर्ज करून ठेवले. घर सावरायला जेनने १८४० मध्ये स्त्रियांसाठी बागकामाचे सोपे पुस्तक लिहिले, ते धडाक्याने खपले. जी अडचण तिला स्वतःला आली होती, तीच तिने उलगडून सांगितली होती. जॉनचा ग्रंथ अभ्यासकांना आजही लागतो, पण चूल पेटवली ती या छोट्या पुस्तकाने. जॉन १८४३ मध्ये गेला तेव्हाही कर्ज फिटलेले नव्हते.

प्रस्तुत लेखिका आता व्याख्याने कमी आणि कार्यशाळा जास्त घेते. १५ जण, फी आधी, प्रत्येकाने माती कालवायची आणि आपली कुंडी घरी न्यायची. फी भरलेला माणूस वेळेवर येतो, हा तिला लागलेला शोध. रोपेही ती विकते. त्यांचे उत्पन्न सदरापेक्षा अधिक आहे, हे संपादकांना सांगितलेले नाही. पालिकेच्या शाळेत वर्षातून एकदा ती फुकट बोलते, पण कुठे फुकट बोलायचे ते तीच ठरवते.

परवाच एका मंडळाच्या सचिवबाईंचा फोन आला. लेखिकेने आकडा सांगितला आणि ठरल्याप्रमाणे गप्प बसली. पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.

“बरं,” बाई म्हणाल्या, “मग शाल नाही दिली तर चालेल ना?”