आधी बाजू बघ, मग कोड लाव

सोमवारपासून तू ऐरोलीला रुजू होणार. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचायचे आणि त्यांना कोड लावायचे. तुझ्या मामाचं, म्हणजे माझं, आयुष्य सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये, केसपेपरांच्या गठ्ठ्यांत गेलं. संगणक मला उशिरा भेटला, पण कागद कसा फसवतो ते चांगलं ठाऊक आहे. बस पडवीत. गुडघ्यापासूनच सुरू करतो, कारण गुडघ्याचे कागद तुझ्यापुढे रोज येणार.

आपल्या कैनाडच्या कुठल्याही पाड्यावरची म्हातारी ओपीडीत आली की म्हणते, ढोपर धरलंय. आपल्याकडे ढोपर म्हणजे गुडघा, पण कोपराला ढोपर म्हणणारी माणसंही मला भेटली आहेत. पुढे लिहिणारा घाईत ‘संधिवात’ असं खरडतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. आपल्या बोलण्यात संधिवात हे फार ऐसपैस घर आहे. वयाने आणि ओझ्याने झिजलेला गुडघा त्यात बसतो, आणि शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांवरच उलटते तो आमवातही त्यातच बसतो. कोडच्या पुस्तकात या दोघांचा संबंध नाही. गुडघ्याची झीज एम१७ मध्ये, आमवात एम०५ आणि एम०६ मध्ये, गाऊट एम१० मध्ये. तिघांची औषधंही निराळी. चुकीचा कोड एकदा चिकटला की तो पुढच्या प्रत्येक कागदावर बाईच्या मागे फिरतो. म्हणून रोगाचं नाव वाचलंस तरी खालची औषधं आणि रक्ताचे रिपोर्ट बघायचे. ते एकमेकांशी बोलत नसतील तर थांबायचं.

आता बाजू. आपल्या देशात दवाखाने जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१० हे कोडचं पुस्तक वापरतात. त्यात एम१७.० म्हणजे दोन्ही गुडघ्यांची मूळची झीज आणि एम१७.१ म्हणजे दोन्ही नसतील तेव्हाची. डावा की उजवा, हे ते विचारतच नाही. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून स्वतःची वाढवलेली आवृत्ती घेतली. तिथे एम१७.११ उजवा, एम१७.१२ डावा, आणि एम१७.१० म्हणजे एकच गुडघा, पण कोणता ते लिहिलंच नाही. हा शेवटचा कोड लावायला सोपा, म्हणून आळशी माणसाचा लाडका. तू आधी सगळा कागद चाळ. वर ‘गुडघा’ एवढंच असेल, पण तपासणीच्या ओळीत ‘उजवीकडे सूज’ सापडते, एक्स-रेच्या चिठ्ठीवर बाजू सापडते. तरीही डॉक्टरांनी निदानात काय म्हटलंय ते महत्त्वाचं, एक्स-रेवरून निदान आपण करायचं नाही. आणि दोन्ही गुडघे असतील तर एम१७.० एकदाच, उजवा-डावा असे दोन कोड जोडायचे नाहीत.

यात एक मेख आहे, कोडिंगच्या परीक्षेतही विचारतात. बाईचे दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा बदलला. सहा महिन्यांनी डावा बदलायला आली तर एम१७.० लावायचा का? नाही. उजव्यात आता हाडाची झीज राहिलीच नाही, तिथे धातू आणि प्लास्टिक आहे. मग एम१७.१२, आणि उजव्या कृत्रिम सांध्यासाठी झेड९६.६५१. पण डॉक्टर जुनी नोंद उचलून तशीच पुढे डकवतात आणि तीत ‘दोन्ही गुडघ्यांची झीज’ तसंच राहतं. डकवलेली ओळ ओळखायला शीक. तारीख नवी आणि मजकूर जुना, हे मी कागदी केसपेपरावरही बघितलंय. तेव्हा संगणक नव्हता, हाताने नक्कल व्हायची.

घरचंच सांगतो. तुझ्या आजीचं डिस्चार्ज कार्ड एका दवाखान्याने दिलं, त्यात डावा गुडघा लिहिला होता. दुखणं उजव्याचं! मी रेकॉर्डवाला असूनही ते घरी येऊन वाचलं. दुरुस्तीला तीन फेऱ्या झाल्या. तेव्हापासून कुणाचंही कार्ड मी दारातच वाचतो.

कारणही बघायचं. माडावरून पडून गुडघ्याचं हाड मोडलं आणि दहा वर्षांनी तोच गुडघा झिजला, तर ती मूळची झीज नव्हे, दुखापतीनंतरची. अमेरिकेच्या पुस्तकात उजव्याला एम१७.३१, डाव्याला एम१७.३२. पण जुना मार आणि आजची झीज यांची सांगड डॉक्टरांनी घातली पाहिजे, आपण नाही. शंका आली तर विचार. विचारताना उत्तर त्यांच्या तोंडात घालू नकोस. ‘ही मारामुळेच ना?’ असं विचारलं की घाईतला माणूस हो म्हणतो. ‘झिजेचं कारण नोंदवता येईल का?’ एवढंच विचार.

गुडघेदुखीचा एम२५.५६ कधी? निदान झालेलं नसेल तेव्हा. झीज लिहिलेली असताना दुखणं वेगळं जोडायचं नाही, ते तिच्यातच आलं. ओपीडीच्या कागदावर ‘झीज असावी’ असं असेल तर झीज लावायची नाही, लक्षणावर थांबायचं. ‘असावी’ हा शब्द छोटा, पण त्याने पैसे अडतात.

झीज किती ते एक्स-रेवरून सांगणारी केलग्रेन-लॉरेन्स श्रेणी, १९५७ मधली, शून्य ते चार. ती कोडमध्ये येत नाही, पण शस्त्रक्रियेच्या मंजुरीला विमावाला ती आणि आधी काय उपाय झाले ते मागतो. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. पडून काढला तर सांध्यातली फट खरी कळत नाही.

आपल्या भागात तरुण पोराचा गुडघा दुखत असेल तर मला खुबा आठवतो. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. सिकलसेल या रक्ताच्या आजारात खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी मरू शकतो. कागदावर सिकलसेलचा डी५७ आणि पंचविशीतल्या गुडघ्याची झीज एकत्र दिसली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आणि इकडचं काम विसरू नकोस. गावातल्या बायांना सांग, डहाणूच्या कॉटेज हॉस्पिटलला जाताना नुसतं ‘दुखतं’ म्हणू नका. भाताच्या आवणीला किती वेळ वाकता येतं, पाण्याचा हंडा घेऊन चढ चढता येतो का, खाली बसून उठायला भिंत लागते का, ते सांगा. ते लिहिलं गेलं तर पुढच्या डॉक्टरला बाई समोर दिसते. नाव आधारवर आहे तसंच केसपेपरवर लिहून घ्यायचं. जन आरोग्य योजनेच्या वेळी एका अक्षरावरून फाईल अडते. आभा कार्डाचा चौदा आकडी नंबर एका जागी लिहून ठेवायला लाव.

आजीचे सगळे कागद तांदळाच्या कोठीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. एक्स-रे घडी करू नकोस. उद्या सकाळी उजेड चांगला असेल, तेव्हा सगळ्या कागदांचे फोटो काढून मला पाठव.